मित्राचे सुतक नसते

डोंबिवलीतल्या एका ग्रंथालयात मी पुस्तक बदलायला गेलो होतो. माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. वय चाळिशीचे, खांद्याला ऑफिसची पर्स, बहुधा नुकत्याच गाडीतून उतरून आलेल्या. काउंटरवरच्या ताईंना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलगी नववीत आहे. तिची मैत्रीण महिन्यापूर्वी गेली. तापाचं निमित्त झालं. ही बोलत नाही, रडतही नाही. तिला वाचायला देण्यासारखं काही आहे का? मराठीच द्या, मराठी शाळेत आहे ती." ताईंनी कपाटांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "काका, तुम्ही लिहिता ना? तुम्हीच सांगा."

मला चटकन एकही नाव सुचले नाही. लेखक म्हणवून घेणाऱ्या माणसाला इतके ओशाळे वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

घरी येताना विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आले की दोष केवळ माझ्या स्मरणशक्तीचा नाही. आपल्याकडे दुःखाचा हिशेब नात्यावरून मांडला जातो. भाऊबंदांपैकी कधी न पाहिलेले कोणी गेले तरी दहा दिवस सुतक. पण ज्याच्याबरोबर सहा वर्षे एका बाकावर बसलो, ज्याच्या डब्यातली भाजी घरच्यापेक्षा गोड लागली, त्याचे काहीच नाही. मित्राचे सुतक नसते. आणि ज्या दुःखाला घरात जागा नाही, त्याला पुस्तकातही सहसा जागा मिळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. १९७६ साली मी अकरावीत होतो. माझा मित्र माटुंग्याच्या कॉलेजात आणि मी ठाण्याच्या. सकाळची गाडी आम्ही बरोबरच पकडायचो. पावसाळ्यातल्या एका दिवशी मी सर्दीचे निमित्त करून घरी राहिलो आणि त्याच दिवशी तो दिवा आणि ठाण्याच्या मध्ये गाडीतून पडला. आई म्हणाली, "त्यांच्याकडे जाऊन ये, पण फार वेळ बसू नकोस. तुला पाहून त्यांना जास्त त्रास होईल." चौथ्या दिवशी वडील म्हणाले, "आता अभ्यासाला लाग." कोणी दुष्ट नव्हते. काय बोलायचे असते हे कोणाला माहीतच नव्हते. पाचव्या दिवशी मी त्याच गाडीत चढलो. मी बरोबर असतो तर त्याला हात दिला असता, हे वाक्य मी पुढे तीस-पस्तीस वर्षे कोणाजवळ उच्चारले नाही.

आमच्या या पट्ट्याला हे नवे नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली आणि प्राणांना मुकली. बातमीत आकडा येतो, घरच्यांचा आक्रोश येतो. त्याच गाडीला रोज बरोबर असणारा मित्र मात्र कोणत्याच बातमीत नसतो.

मित्र गमावायला मृत्यूच लागतो असेही नाही. मी बँकेत अधिकारी होतो. मुलगा आठवीत असताना डोंबिवलीहून विदर्भात बदली झाली. सामानाची यादी केली: कपाटे दोन, पंखे तीन, फ्रीज एक. त्या नेण्याचा खर्च मिळतो, म्हणून यादी नीट केली. मुलाचे मित्र मात्र कोणत्याच यादीत आले नाहीत. "तिथं नवे मिळतील," असे मीच त्याला म्हणालो. माझ्या वडिलांनी मला जे सांगितले होते, तेच मी वेगळ्या शब्दांत सांगत होतो.

मग मराठीत आहे तरी काय? जे आहे ते थोर आहे, हे आधी म्हटले पाहिजे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' पिढ्यान् पिढ्या मुलांना रडवत आली आहे. पण तिथे जाते ती आई, आणि आईसाठी रडायला समाजाची परवानगी असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून आला आणि आमच्या पुढच्या पिढीचा जिवलग झाला. पण तो मोठा होत नाही, म्हणून त्याचे काही सुटतही नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'मध्ये (१९९४) आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढतो. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त (२००४) आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरे आहेत. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा मला माझ्या मुलाचा ट्रकमागे वळून पाहणारा चेहरा दिसला. तिच्यावर 'गमभन' नाटक आले, २०१२ साली चित्रपट आला, यावरूनच लोकांना तिची किती तहान होती हे कळावे.

पण या दोन्ही पुस्तकांची ओढ प्रौढांना अधिक, असा माझा अनुभव आहे. वाचताना आपण म्हणतो, "आमच्या वेळी अगदी असंच होतं!" आपण मागे वळून पाहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला मागे पाहायला काही नसते. तो त्या प्रसंगात उभा असतो. त्याच्या शेजारी उभे राहून लिहिलेली पुस्तके आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

बाहेर ही वाट रुळलेली आहे. एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच लिहायला घेतलेली 'द आउटसायडर्स' १९६७ साली आली, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. कॅथरिन पॅटरसन यांच्या लहान मुलाची मैत्रीण वीज पडून गेली. मुलाची समजूत कशी घालावी हे न कळून त्यांनी 'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७७) लिहिली. त्यातल्या मुलाची मैत्रीण अपघातात जाते, त्या दिवशी तो तिला न बोलावता बाईंबरोबर शहरात गेलेला असतो. 'मी तिला बोलावलं असतं तर?' हे पुस्तक मी पन्नाशी उलटल्यावर वाचले. माझे न उच्चारलेले वाक्य एका परक्या मुलाच्या मनात होते. वाचून दुःख कमी झाले नाही. पण ते दुःख आणि तो अपराध केवळ माझ्याच वाट्याला आलेला नव्हता, एवढे कळले. सोळाव्या वर्षी कळले असते तर?

पालकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. आधीच दहावीचे ओझे, त्यात रडकी पुस्तके कशाला? अमेरिकेतही या पुस्तकाला पालकांनी आक्षेप घेतले होते. पण मुलांना आपण मृत्यूपासून लांब ठेवतो आहोत, हा आपला भ्रम आहे. वर्गातला मुलगा गेला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचा फोटो आणि मेणबत्ती येते. दुसऱ्या दिवशी फोटो बदलतो. दुःख करायला त्यांना एवढाच अवधी आणि एवढेच शब्द मिळतात. जास्तीचे शब्द द्यायचे काम पुस्तकाचे आहे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाला अशी पुस्तके मॉलमध्ये किंवा घरबसल्या मिळतात. मराठी शाळेतल्या मुलीने काय करायचे? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत साहित्य संमेलन झाले. मांडवात पालख्या आल्या, भाषेच्या भवितव्याची चिंता झाली. त्या गर्दीत मीही मिरवलो. भाषेचे भवितव्य नववीच्या बाकावर बसलेले असते आणि त्याला आपण काही दिलेले नाही, हे तेव्हा माझ्याही मनात आले नाही. मीही असे पुस्तक लिहिलेले नाही. 'मुलांसाठी' म्हटले की आपली लेखणी आपोआप उपदेशाला लागते, याची भीती वाटत राहिली.

त्या बाईंना मी शेवटी राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस' दिले. अमेरिकेच्या रानातला ज्योडी आणि त्याचे हरणाचे पिल्लू. त्यालाही जिवाभावाचे काही गमवावे लागते, आणि पुस्तक त्याला "अभ्यासाला लाग" असे सांगत नाही. मित्र-मैत्रिणीची ती गोष्ट नव्हे. पण त्यातल्या त्यात जवळची.

पुस्तक मुदत उलटून परत आले. दंड भरताना त्या बाई म्हणाल्या, "ती काही बोलली नाही. पण तिनं दोनदा वाचलं. आणि विचारलंय, असं आणखी आहे का? आपल्या इथल्या मुलींचं?"

ताईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. या खेपेला मी म्हणालो, "नाही. पण लिहायला घेतो."