उमाला नेमकं काय झालं होतं?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आम्ही सात-आठ जणींनी मिळून ‘अभिमान’ पाहिला. हृषीकेश मुखर्जींचा १९७३ चा सिनेमा. शेवटी सगळ्यांनी डोळे पुसले. एक ताई म्हणाल्या, “नवरा सुधारला आणि बाई बरी झाली बघा.” मला ते पटलं नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर सिनेमाची गोष्ट.

सुबीर (अमिताभ बच्चन) नावाजलेला गायक. गावाकडच्या उमाशी (जया भादुरी) लग्न करतो आणि आपण दोघं मिळून गाऊ असं स्वतःच जाहीर करतो. ती आपण होऊन त्याच्या धंद्यात शिरलेली नाही, हे विसरू नका. पुढे तिचं नाव त्याच्यापेक्षा मोठं होतं, पैसेही जास्त मिळू लागतात. मग त्याचा अबोला, टोमणे, दारू. गाणं सोडायलाही ती तयार होते, तरी घर शांत होत नाही. ती माहेरी जाते, पोटातलं मूल जातं आणि ती दगडासारखी बसून राहते.

सुबीर तिच्यावर हात उगारत नाही. तरीही हा छळच आहे. वस्तीत आपण विचारतो, “मारतो का?” नाही म्हटलं की विषय संपला. घरी पाऊल टाकताना छातीत धडधडतं का, हे कोण विचारतं? मला स्टाफ नर्सची नोकरी लागली तेव्हा माझा पगार घरातल्या माणसापेक्षा जास्त होता. पगाराची स्लिप मी कितीतरी महिने कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवायचे. कुणी काही बोललं नव्हतं, तरी ठेवायचे.

मूल गेल्यावर गप्प झालेल्या बाया मी प्रसूती वॉर्डात पाहिल्या आहेत. दिवस भरत आलेले असतील तर मूल नसतानाही दूध येतं. ओढणी घट्ट धरून बाई भिंतीकडे तोंड करून पडते. शेजारच्या कॉटवर दुसरीचं बाळ रडत असतं. नातेवाईक सांगतात, “होईल पुन्हा, रडू नको.” रडू द्या हो तिला. “तूच जड उचललंस, तूच बाहेर हिंडलीस,” असं तर अजिबात बोलू नका. पुष्कळदा गर्भ पडतो तो गर्भातच मुळात दोष असतो म्हणून. बाईच्या कामाचा त्यात काही संबंध नसतो.

सिनेमात तिला रडू यावं म्हणून सुबीर स्टेजवर त्यांचं जुनं गाणं गातो. ती रडते, त्याच्याबरोबर गाते, आणि सिनेमा संपतो. प्रसंग सुंदर आहे, जया भादुरींना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. पण ज्याच्यामुळे दुखणं आलं, त्याच्याच हातात औषध दिलंय. त्याचा पश्चात्ताप खरा असेल, तरी तो उपचार नव्हे. आणि पुढे उमा एकटी कधी गायली का, हे सिनेमा सांगतच नाही. मला तेच जाणून घ्यायचं होतं.

आपल्या घरात अशी उमा असेल तर गाण्याची वाट बघू नका. झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, सगळा दोष स्वतःलाच देणं, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर तिला डॉक्टरकडे न्या. मरणाची भाषा केली तर त्याच दिवशी न्या, आणि तोवर एकटी सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे नवरा सोबत आला तर चांगलंच, पण थोडा वेळ तिला एकटीला आत बोलू द्या. त्याच्यासमोर ती “काही नाही, बरी आहे” एवढंच म्हणेल.