डायनॅमो लावला की पायडल जड का होतं?

परवा जोडून सुट्टी मिळाली म्हणून गेवराईला घरी गेलो. पडवीत बाबांची जुनी सायकल दिसली. मागच्या चाकावर डायनॅमो अजून शाबूत! भाच्याने ती स्टँडवर लावून हाताने पायडल फिरवायला घेतलं. म्हणाला, "मामा, डायनॅमो टायरला टेकवला की जड का होतं?"

म्हटलं, "लेका, कृष्णविवराचंही असंच होतं."

कृष्णविवर सगळं गिळतं, परत काही देत नाही, हे आपल्याला पाठ असतं. पण ते गरगर फिरत असेल तर भोवतालचं अवकाशही सोबत फरफटवतं. फिरण्यातली ही ऊर्जा बाहेर काढता येते, असं १९६९ साली रॉजर पेनरोज यांनी सुचवलं. विवराजवळ एका कणाचे दोन तुकडे व्हावेत, एक आत पडावा आणि दुसरा जास्तीची ऊर्जा घेऊन सटकावा. आयडिया झकास! पण तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने एकमेकांपासून फुटायला हवेत. ते कसं जमायचं?

उत्तर चुंबकात होतं. १९७७ साली ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी दाखवलं, की फिरतं विवर चुंबकीय रेषांना पीळ देतं, प्रचंड व्होल्टेज तयार होतं, करंट वाहतो आणि ऊर्जा बाहेर पडते. थोडक्यात, डायनॅमोच. १९८५ साली वाघ, धुरंधर आणि दधिच या आपल्याकडच्या त्रिकुटाने दाखवलं, की चुंबकीय क्षेत्र असेल तर पेनरोज यांच्या युक्तीतली ती वेगाची अटही गळून पडते. दधिच पुढे पुण्याच्या 'आयुका'चे संचालक झाले.

२०१९ साली ज्याचा फोटो जगभर गाजला, त्या एम८७ दीर्घिकेतल्या विवरापासून हजारो प्रकाशवर्षं लांबीचा झोत निघतो. तो असाच पेटत असावा, असं बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं.

पण फुकट काही नाही बरं का! झोत पेटतो तसं विवराचं फिरणं मंदावतं. अगदी कमाल वेगाने फिरणाऱ्या विवरातूनही वस्तुमानाच्या २९ टक्क्यांएवढीच ऊर्जा अशी निघू शकते. मग फिरणं संपतं, दिवाही संपतो.

बाबा गुडघ्याला तेल चोळत ऐकत होते. म्हणाले, "गढीहून रात्री येताना मी डायनॅमो लावतच नसे. पाय भरून यायचे."

"मग अंधारात यायचात?"

"एकटा असलो की. तू मागे बसलेला असलास की लावायचो."