कोंबडा अंगावर येऊ लागला तर...

परसात तुरा मिरवत फिरणारा कोंबडा घरातल्या सगळ्यांचाच लाडका असतो. कालपर्यंत हातातले दाणे टिपणारे ते पिल्लू बघता बघता मोठे होते. मग एके सकाळी दाणे टाकायला गेलेले पाच वर्षांचे पोर रडत घरात येते. पोटरीवर चोचीच्या खुणा, गुडघ्यावर ओरखडा! मोठी माणसे हसतात, "कोंबड्याला काय घाबरायचं?" आणि गोष्ट तिथेच विसरली जाते.

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. लहान मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात येतो. चोच किंवा पायामागचा टोकदार काटा डोळ्याला लागला तर कायमचे नुकसान होऊ शकते. वयस्कर माणसांनीही जपायला हवे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय लेखात ऑस्ट्रेलियातील 76 वर्षांच्या एका बाईंची हकीगत आहे. अंडी गोळा करताना कोंबड्याने पायाला टोच मारली, ती नेमकी फुगलेल्या शिरेवर बसली आणि रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. असे क्वचितच घडते, पण घरातल्या आजींच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर अशा कोंबड्याजवळ त्यांना पाठवू नये.

असा का वागतो?

राखण करणे हा कोंबड्याचा स्वभावच आहे. मांजर, मुंगूस, घार यांच्यावर तो धावून जातो, तसाच कधी माणसावरही. साधारणपणे चार ते सहा महिन्यांचा होऊन वयात येऊ लागला की ही खोड दिसू लागते. कोणी कोणाला टोचायचे याची कळपात एक उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे संशोधक थोरलेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1920च्या दशकात ती जगापुढे मांडली. मूल पळाले की कोंबड्याला आपण जिंकलो असे वाटते. कोणी लाथ मारली की तो तिला आव्हान समजतो. असीलसारख्या जाती तर मुळातच लढाऊ असतात.

आधी कोंबडे मोजा

आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. पण पिल्लांत जवळजवळ निम्मे नरच निघतात. त्यातला एक नवसासाठी, एक पाहुण्यांसाठी, असे करत परसात चार-चार कोंबडे राहतात आणि दिवसभर मारामाऱ्या चालतात. माद्यांच्या पाठीवरची पिसे झडलेली दिसली तर नर जास्त झाले असे समजावे. जादा नर कमी केले की पुष्कळदा परस शांत होतो.

कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत, हा समज चुकीचा आहे. नर फक्त पिल्ले हवी असतील तरच लागतो. अंडी खाण्यापुरतीच हवी असतील तर एकही कोंबडा नसला तरी चालते आणि अंड्याच्या पौष्टिकपणातही फरक पडत नाही.

समोर आला तर काय कराल?

मानेची पिसे फुलवून, एक पंख खाली सोडून तो तिरका चालू लागला की हल्ला होणार, हे मुलांना दाखवून ठेवा. अशा वेळी पळू नये आणि मारूही नये. सूप किंवा बादली मध्ये धरून ताठ उभे राहावे आणि त्याच्यावर नजर ठेवून सावकाश बाजूला व्हावे. मादीला किंवा पिल्लांना त्याच्यादेखत उचलू नये. त्यांच्या ओरडण्याने तो चवताळतो. पकडायचेच असेल तर रात्री पकडावे. अंधारात नीट दिसत नसल्याने तो शांत असतो. पायाच्या काट्याचे टोक पशुवैद्यकाकडून बोथट करून घेता येते. घरी कापायला जाऊ नये, कारण आत हाड आणि रक्त असते.

जखम झालीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने ती नीट धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. डोळ्याला लागले असेल तर घरगुती उपाय न करता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

ठेवायचा की काढायचा?

नुसता धाक दाखवणाऱ्या कोंबड्याला जाळीआड वेगळा ठेवून दोन-तीन आठवडे पाहायला हरकत नाही. पण जो मुलांच्या तोंडावर झेप घेतो, त्याच्याबाबतीत वाट पाहू नये. लळा लागलेला असतो, मुलेच रडतात, तरीही हा निर्णय मोठ्यांनीच घ्यायचा असतो. दुसऱ्या कोणाला देताना त्याची खोड लपवू नये. झुंजी लावणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार तो गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तापटपणा काही अंशी वंशातूनही येतो. म्हणून अशा कोंबड्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत. त्याला काढल्यानंतरही साधारण तीन आठवड्यांपर्यंतच्या अंड्यांतून त्याचीच पिल्ले निघू शकतात. तोपर्यंतची अंडी खुशाल स्वयंपाकघरात वापरावीत!

कोंबड्याने परसात रुबाब जरूर करावा, पण घरातल्या पोराला आपल्याच परसात जाताना हातात काठी घ्यावी लागू नये.