घोडबंदरच्या रांगेत पट्टा सैल होतो

घोडबंदर रोडवर मालाचा ट्रक कलंडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत खड्डे येतात, मेट्रोचे काम येते, घाटाचे वळण येते. माल ज्याने बांधला होता तो पट्टा मात्र बातमीत कधी येत नाही. खड्ड्यांचा दोष खराच आहे, तो कोणी माफ करू नये. पण आपल्या हातात काय आहे ते बघायचे, तर गाडी गावात भरली जाते तिथे बघावे लागेल.

हा रस्ता म्हणजे न्हावाशेवा बंदराकडून गुजरातच्या बाजूला जाणाऱ्या अवजड गाड्यांची मोठी वाट. त्याच रांगेत मुरबाड-शहापूरकडचा पेंढ्याचा ट्रकही अडकतो. अवजड वाहनांवर दिवसा वेळेचे निर्बंध येतात आणि त्या वेळा अधूनमधून बदलतात. गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी २०२४ आणि २०२५ मध्ये तर या गाड्या भिवंडीकडे वळवाव्या लागल्या. परिणाम असा की संध्याकाळी घाईघाईने गाडी भरायची, रात्री सुटायचे आणि माजिवड्यापासून रांगेत ताटकळायचे. पेंढा असो की भाताची पोती, हादऱ्यांनी माल खाली बसतो. चार बोटे जरी बसला तरी गावात करकचून ओढलेला पट्टा सैल पडतो. तो तसाच गायमुखच्या वळणांवर जातो. तेव्हा रांगेत शिरण्याआधीच, कापूरबावडीच्या अलीकडे एखाद्या पंपावर गाडी बाजूला घेऊन सगळे पट्टे पुन्हा ताणायला ड्रायव्हरला सांगा. रांगेत मध्येच क्लीनरला खाली उतरवू नका, अंधारात मागची गाडी अंगावर येते.

सैल पट्ट्याने बिघडते किती? माल बांधण्याची युरोपातील प्रमाणके असे धरतात की जोरात ब्रेक दाबला तर वजनाच्या आठ-दशांश रेटा पुढे येतो आणि वळणावर निम्म्या वजनाइतका बाजूला. म्हणजे पाच टन माल असेल तर पुढे चार टन आणि बाजूला अडीच टन. चांगल्या पट्ट्यावर चिठ्ठी शिवलेली असते. निळी चिठ्ठी म्हणजे पॉलिस्टर. तिच्यावर एलसी २५०० डीएएन असे लिहिले असेल, तर सरळ ओढीत तो पट्टा ढोबळमानाने अडीच टन ताण सोसतो. हा आकडा नव्या, धड पट्ट्याचा. कडेला काप गेला, मध्ये गाठ मारली, की तो आकडा विसरा. आपल्याकडे तुटलेला पट्टा गाठ मारून वापरणे हे काटकसरीचे लक्षण समजतात!

खरी नासाडी गाडी उभी असताना होते. पट्टा ओला गुंडाळून टूलबॉक्समध्ये कोंबतात, शेजारी डिझेलचा डबा आणि बॅटरी. नाहीतर गोठ्याच्या पत्र्यावर वर्षभर उन्हात पडलेला असतो. उन्हाने धागा आतून कुजतो, रंग उडाला की समजून जावे. पॉलिस्टरचा मोठा वैरी चुना आणि ओले सिमेंट. धुण्याच्या सोड्यानेही तो बिघडतो, म्हणून साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा, गुंडाळी करून खुंटीला टांगावा. खताच्या खोलीत ठेवू नये. उंदीर काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. पट्टा जमिनीवरून फरफटत नेला की वाळूचे कण विणीत शिरतात आणि प्रत्येक ताणाला धागा कापतात. रॅचेटला लोखंडी पाइप लावून जास्त ओढायची सवयही वाईट. दाता झिजतो आणि कधी तो अचानक सुटून हाताचे हाड मोडतो. पट्टा गाडीवरून पलीकडे भिरकावताना हुकाचे टोक आपल्या हातात ठेवावे, पलीकडे माणूस उभा असतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही दोन शब्द. पाणीयोजनेचे पाइप, दिव्यांचे खांब घेऊन ट्रेलर गावात येतो आणि पोरेटोरे गोळा होतात. वाटेत माल एका बाजूला सरकलेला असला, तर तो पट्ट्यावरच रेललेला असतो. पट्टा सोडताक्षणी पाइप घरंगळतात. आधी फेरी मारून माल कुठे झुकला आहे ते बघायचे, झुकल्या बाजूला कोणालाही उभे राहू द्यायचे नाही, आणि मगच रॅचेटला हात. पोलीस पाटलांनी एवढी गर्दी मागे हटवली तरी पुरे.

पैशांचे म्हणाल, तर माल हौद्याच्या बाहेर आला की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च. फुगवून भरलेला पेंढा त्यातच सापडतो. २०१४ मध्ये मागे लोंबणाऱ्या सळयांची सवलतही केंद्राने काढून घेतली. दंड गाडीमालकाचा म्हणून शेतकरी निर्धास्त असतो, पण तो पुढच्या खेपेच्या भाड्यात वसूल होतो हे तुम्हीही जाणता. म्हणून भाडे ठरवतानाच पट्टे कोणाचे आणि किती, हे बोलून घ्यावे. गाडीवाल्याचे पट्टे हातात घेऊन बघायला लाजू नये. बैल घेताना दात बघतोच ना आपण?

वाया गेलेला पट्टा मात्र अख्खा उकिरड्यावर टाकू नका. दोन तुकडे करून टाका, नाहीतर कोणीतरी उचलून पुन्हा गाडीला लावतो.