कुलवृत्तान्त आणि एसक्यूलाइट

आमच्या कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ति काढावी असें भाऊबंदांच्या सभेंत ठरलें, आणि निवृत्त शिक्षकास वेळच वेळ असतो ह्या सार्वत्रिक समजुतीनें तें काम आमच्याकडे आलें. पहिल्या आवृत्तीचीं फाटकीं पानें, लग्नपत्रिका, पत्रें, मृत्युवार्तांचीं कात्रणें असा दोन ट्रंका भरून ऐवज जमला. वहींत नोंदी करूं लागलों तों तिसऱ्या पिढींतच गोंधळ उडाला. कारण नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल असल्यामुळें एकाच नांवाचे पांच पुरुष निघाले, व त्यांपैकीं तिघांच्या वडिलांचें नांवहि एकच! संगणकशास्त्र शिकणारी आमची नात तें पाहून म्हणाली, "आजोबा, हें वहीचें काम नव्हे. तुम्ही एसक्यूलाइट शिका. पाणिनि शिकलांत, मग हें काय मोठें?" पाणिनि आम्ही कितपत शिकलों हें आमचे गुरुजीच जाणोत, पण शब्द लागला, आणि सदुसष्टाव्या वर्षीं आम्ही पुन्हां विद्यार्थी झालों.

डेटाबेस म्हणजे नोंदींचा संग्रह, व त्यांतून हवें तें काढून देणारी व्यवस्था. मोठ्या कचेऱ्यांत ही व्यवस्था स्वतंत्र सर्व्हरवर चालते. आपला प्रोग्राम तिच्याकडे निरोप धाडतो आणि ती उत्तर पाठविते. एसक्यूलाइटमध्यें असा त्रयस्थ कोणी नाहीं. तें आपल्या प्रोग्रामांतच मिसळून राहतें व सगळीं कोष्टकें एका फाइलींत ठेवतें. ह्याचा उगम ऐकण्यासारखा आहे. रिचर्ड हिप हे अमेरिकन गृहस्थ इ. स. २००० च्या सुमारास तेथील आरमाराच्या युद्धनौकेसाठीं एक प्रोग्राम लिहीत होते. नोंदी सर्व्हरवर असत. सर्व्हर बंद पडला कीं प्रोग्राम हात टेकी, आणि बोल मात्र हिपसाहेबांच्या प्रोग्रामास लागे. तेव्हां मधला सर्व्हरच नको, थेट फाइलींतून वाचावें, असा विचार करून त्यांनीं त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत पहिली आवृत्ति काढली. तिच्यावर स्वामित्वहक्क ठेवला नाहीं. परवान्याच्या जागीं एक लहानसा आशीर्वाद लिहून ठेवला आहे. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनांत एसक्यूलाइट आहे, म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं तें त्यांच्या नकळत नांदत आहे. हिपसाहेब स्वतः उच्चार 'एस-क्यू-एल-आइट' असा, एखाद्या खनिजाच्या नांवासारखा करतात. आमची नात तो मानीत नाहीं.

ह्याच्याशीं बोलण्याची भाषा एसक्यूएल. ती प्रथम जड गेली ती शब्दांमुळें नव्हे, क्रमामुळें. वाक्याचा आरंभ 'सिलेक्ट' ह्या पदानें होतो, पण अर्थ लावतांना आधीं 'फ्रॉम' पाहावें, म्हणजे कोष्टक कोणतें तें कळतें. मग 'व्हेअर', म्हणजे अट. आणि सर्वांमागून 'सिलेक्ट', म्हणजे त्यांतले कोणते रकाने हवे तें. श्लोकाचा अन्वय लावण्याचाच हा प्रकार! हें ध्यानांत आल्यावर आठवड्याभरांत भीति गेली. वंशावळीसाठीं 'विथ रिकर्सिव्ह' म्हणून एक सोय आहे. मूळपुरुष घ्यावा, त्याचीं मुलें काढावीं, मग त्या मुलांचीं मुलें, असें पुढें कोणी उरेपर्यंत. आम्हीं प्रत्येक व्यक्तीस एक क्रमांक दिला व शेजारीं 'पित्याचा क्रमांक' हा रकाना ठेवला. एवढ्यावर अकरा पिढ्या क्षणांत उभ्या राहिल्या. सारख्या नांवांचा घोळहि मिटला. आम्ही फार खूष झालों, आणि येथेंच चुकलों.

आमचे एक दिवंगत चुलतबंधु अनवधानानें दोनदां नोंदले गेले होते. त्यांतली एक नोंद आम्हीं पुसली. त्यांच्या दोघां मुलांच्या पुढें नेमका तोच पुसलेला क्रमांक होता. कोठें तक्रार नाहीं, सूचना नाहीं. कच्ची प्रत आप्तांकडे गेली आणि चौथ्या दिवशीं त्या बंधूंच्या पत्नीचा, आमच्या ऐंशी वर्षांच्या वहिनींचा, फोन आला. "भावोजी, आमचें घर बुडालें का हो?" एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हीं प्रत उघडून पाहिली. त्यांच्या यजमानांच्या नांवाखालीं जागा कोरी. दोन मुलगे, पांच नातवंडें, दोन पणतवंडें, अशीं नऊ जिवंत माणसें वंशावळींतून नाहींशीं झालीं होतीं. पित्याचा क्रमांकच नाहीं, मग मूळपुरुषापासून खालीं येणारी वाट त्यांच्यापर्यंत पोंचावी कशी?

पित्याचा क्रमांक कोष्टकांत असलाच पाहिजे, असा 'फॉरेन की' नांवाचा नियम आम्हीं प्रारंभींच लिहिला होता. परंतु एसक्यूलाइट तो नियम नुसता लिहून ठेवतें. प्रत्येक वेळीं डेटाबेस उघडतांना 'प्राग्मा फॉरेन कीज ऑन' अशी आज्ञा दिल्यावांचून सामान्यतः पाळीत नाहीं. इ. स. २००९ पूर्वीं तो पाळण्याची सोयच नव्हती, आणि जुने प्रोग्राम बिघडूं नयेत म्हणून ती उपजतच बंद ठेवली आहे. कारण समजलें, पण वहिनींस तें काय सांगणार? 'प्राग्मा फॉरेन की चेक' म्हणतांच दोन्ही पोरक्या नोंदी पुढें आल्या. ही आज्ञा प्रत पाठविण्यापूर्वीं देण्यास आम्हांस अर्धा मिनिटहि लागला नसता.

मग धास्तीनें बाकीचेंहि तपासलें. जन्मवर्षाचा रकाना पूर्णांकाचा ठरविला असतां त्यांत 'शके' ह्या शब्दासुद्धां वर्षें बसलीं होतीं. आणि मराठी कळफलकावरून देवनागरी अंकांत घातलेलें वर्ष एसक्यूलाइट संख्या मानीत नाहीं, अक्षरें मानतें. क्रम लावतांना संख्या आधीं व अक्षरें मागून येतात. त्यामुळें कित्येक ठिकाणीं थोरले भाऊ धाकट्यांच्या मागें जाऊन बसले होते. कोष्टक रचतांना शेवटीं 'स्ट्रिक्ट' लिहिल्यास असली नोंद नाकारली जाते. ही सोय २०२१ पासूनची आहे. आम्हीं कोष्टक पुन्हां रचलें. पुसापुशी करतांना आतां आधीं 'बिगिन' म्हणतों, परिणाम डोळ्यांनीं पाहतों, आणि मगच 'कमिट'. शंका आली तर 'रोलबॅक'.

नवी रचना नातीस दाखविली तेव्हां ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. "आजोबा, आईचा रकाना कोठें आहे?" पहिल्या आवृत्तींतहि तो नव्हता, आणि आम्हांस तो सुचलाहि नव्हता. रकाना वाढविणें हें 'ऑल्टर टेबल' ह्या एका ओळीचें काम. भरणें मात्र तसें नव्हे. जुन्या पानांत सुनांचीं सासरचीं नांवें कोठें कोठें आहेत, माहेरचा पत्ता नाहीं, आणि वरच्या पिढ्यांत तेंहि नाहीं. जें ठाऊक नाहीं त्याच्या जागीं 'नल' राहतें. नलराजाशीं त्याचा संबंध नाहीं. एक नल दुसऱ्या नलाबरोबर समान ठरत नाहीं, म्हणून 'माता इज नल' असेंच विचारावें लागतें.

वहिनींकडे आम्ही क्षमा मागण्यास गेलों होतों. त्यांनीं चहा दिला आणि आपल्या सासूबाई व आजेसासूबाई ह्यांचीं माहेरचीं नांवें, गांवांसुद्धां, लिहून घ्यावयास लावलीं. काल पुन्हां विचारलें तेव्हां ४१२ नोंदी रिकाम्या निघाल्या.