आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील. चकलीच्या घासाबरोबर कॅन्सरविषयी कोणी वाचावे? परंतु वाचकहो, घरोघर कंबरदुखीची तक्रार ऐकू येते ती याच दिवसांत. माळा झाडताना लचक भरली, रांगोळीला बसले ते उठवेना, ही वाक्ये आपल्या ओळखीचीच आहेत. त्यांतली बहुतेक दुखणी चार दिवसांच्या शेकाने बरी होतात. जे होत नाही, त्याच्यासाठी हा मजकूर.

'दुखणे अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतला मोठा फसवा वाक्प्रचार. त्यात थोडे शौर्य आहे, थोडी काटकसर आहे. आमच्या पिंपरी-चिंचवडात तर ते व्रतच मानावे लागेल. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. मागोमाग मोटारींचे, स्कूटरींचे कारखाने आले आणि पुढे ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोचली. लेथपुढे तीस वर्षे उभा राहिलेला माणूस निवृत्तीनंतर पाठ धरून बसला, की घरची मंडळी म्हणतात, "जन्मभर राबलात, आता हाडे बोलायचीच!" चाकणच्या रस्त्याने रोज दुचाकी हाकणाऱ्याला खड्ड्यांचे कारण पुरते. कारण सापडले की शोध थांबतो, आणि घात होतो तो इथेच.

आपल्या जुन्या वैद्यकाने सप्तधातू मोजताना अस्थीच्या पाठोपाठ मज्जा सांगितली आहे. या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी झुंजणारी प्रथिने तयार करणे हे त्यांचे काम. त्यांतल्या एकीचाच वंश बेसुमार वाढू लागला, म्हणजे होतो तो मल्टिपल मायलोमा. मग हाड आतून पोखरले जाते आणि त्यातले कॅल्शियम रक्तात उतरते. नवे रक्त बनायला मज्जेत जागा उरत नाही. निकामी प्रथिनांचा गाळ मूत्रपिंडात साचतो. दुखते हाड, बिघाड मज्जेत आणि बुडते मूत्रपिंड! आपण मात्र पाठीला मलम चोळत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

हा घोटाळा आजचा नाही. लंडनचा एक किराणा व्यापारी, थॉमस मॅकबीन, १८४४ साली सहलीला गेला असता एका भुयारातून उडी मारून वर आला आणि छातीत काहीतरी तुटल्यासारखे त्याला वाटले. त्याला जळवा लावल्या, लोहाची औषधे दिली. १८४५ साली त्याच्या डॉक्टरांनी लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे धाडला. त्या लघवीत एक विलक्षण पदार्थ होता. तो तापवला की विरघळे, निवला की पुन्हा गोठे. हेच ते मायलोमाचे प्रथिन. मॅकबीन १८४६ च्या १ जानेवारीला वारला. पण त्याच्या लघवीने वैद्यांना एक खूण देऊन ठेवली.

जवळचे उदाहरण किरण खेर यांचे. नोव्हेंबर २०२० मध्ये चंदीगडला त्यांचा हात मोडला. त्याच्या तपासण्या होताना हा रोग उघडकीस आला आणि पुढचे उपचार मुंबईत झाले. मोडला हात, सापडली मज्जा!

मग ओळखावे कसे? रोग बहुधा उतारवयातला. पाठ किंवा बरगड्या आठवडेच्या आठवडे दुखतात, हालचालीने कळ वाढते, उंची कमी झाल्यासारखी वाटते. जोडीला थकवा, फिकेपणा, वारंवार न्यूमोनिया, फार तहान, बद्धकोष्ठता. यांतले एकेक लक्षण साधे. दोन-तीन एकत्र आली की डॉक्टर गाठावा. हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि प्रथिने या तपासण्या निगडीत काय, चाकणमध्ये काय, कोठेही होतात. हिमोग्लोबिन खाली, ईएसआर व ग्लोब्युलिन वर, असे दिसले तर 'सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस' करावी का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. लघवीच्या नेहमीच्या पट्टीवर मायलोमाचे प्रथिन निसटू शकते, म्हणून त्याची तपासणी वेगळी असते. शेवटचा निकाल मज्जेच्या तपासणीने लागतो. हाडांतली भोके एक्स-रे, सीटी वा एमआरआयमध्ये दिसतात.

तोवर दोन पथ्ये. वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नयेत, कारण आधीच दमलेले मूत्रपिंड त्या आणखी दमवतात. आणि 'हाडे ठिसूळ झाली' म्हणून कॅल्शियमचा मारा करू नये. या रोगात रक्तात ते आधीच जास्त असू शकते.

साप साप म्हणून भुई धोपटण्याचे कारण नाही. हा रोग विरळा आहे. तो सहसा समूळ जात नसला, तरी बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड अशी औषधे आणि रोग्याच्याच मूळ पेशींचे प्रत्यारोपण यांनी तो वर्षानुवर्षे आवरता येतो. वेळेवर कळला तर मूत्रपिंडही पुष्कळदा सावरते. जे गमावायचे ते उशिरानेच गमावले जाते.

तेव्हा भाऊबीजेला ताट ओवाळताना बहिणीचा हात पाठीकडे जात असेल, पाडव्याला वडील पाटावरून उठताना दोनदा थांबत असतील, तर "वय झाले" म्हणून पुढचा लाडू उचलू नका. एवढेच विचारा: "किती दिवस दुखते आहे?" उत्तर महिन्यांत आले, तर फराळाचे डबे रिकामे होण्याआधी रक्त तपासून घ्या.