भिंतीवर नसलेली नावे

मुंबईस कुलाब्यात सेंट जॉन यांच्या नावाचे एक ख्रिस्तमंदिर आहे. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. १८३८ ते १८४३ या काळात अफगाणिस्तान व सिंध येथील मोहिमांत जे कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. १८४७ साली पाया घातला, १८५८ साली मंदिराचे समर्पण झाले व १८६५ साली १९८ फूट उंचीचा मनोरा पुरा झाला.

आत भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साधे शिपाई मात्र संख्येने इतके की त्यांची नावे लिहिता आली नाहीत, असे स्मरणलेखच सांगतो. हा प्रांजळपणा आम्हांस आवडतो. सबब मात्र पटत नाही. कोरेगाव भीमा येथील १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर शिपायांची नावे आहेत. तेथील मृत थोडे होते हे खरे. परंतु नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाच्या मंदिरात 'फार आहेत' हे उत्तर शोभत नाही.

पण दुसऱ्यास दोष का द्यावा? आमचे धावडा गाव ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्यातच असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे मोठा रणसंग्राम झाला. वेलस्लीचे नाव मुलांस पाठ असते. तेथे पडलेल्या एका तरी शिपायाचे नाव आम्हांपैकी किती जणांस सांगता येईल?

विद्यार्थिमित्रहो, या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा : आपल्या गावातून सैन्यात कोण गेले, कोण परतले नाही? ती नावे वहीत लिहा. दगड नसला तरी चालेल.